सायकल आणि कॅमेरा : कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतल्या घरापासून शाहूपुरीतल्या ऑफिसपर्यंत मी सात वर्षं सायकलनं जाते. पाठीवरच्या पिशवीत डबा असतो आणि डब्याशेजारी कॅमेरा. चहाच्या गाड्यावर, पंक्चरच्या दुकानात, ऑफिसच्या जिन्यात लोक थांबवून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

सायकल आणि फोटोग्राफी एकत्रच कशाला? दोन वेगळे छंद म्हणून केले तर?

खुशाल करा. पण दोन छंदांना दोन वेगळे वेळ लागतात आणि नोकरी-घर सांभाळून तो वेळ कुणाकडे असतो? सायकल मला रोज चालवायचीच आहे. कॅमेरा त्या वाटेवर सोबत येतो, एवढंच.

शिवाय वेगाचा मुद्दा आहे. गाडीवरून जाताना काही दिसलं तरी ब्रेक मारून, मागं वळून, गाडी लावेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. चालत गेलं तर सगळं दिसतं, पण नदीवर पोचेपर्यंत ऊन वर येतं. सायकलवर एक पाय टेकवला की थांबणं झालं. पेठेच्या बोळात दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथं सायकल भिंतीला टेकते.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सायकलवाला माणूस रोज त्याच रस्त्यानं जातो. एकाच भिंतीवर जानेवारीतलं ऊन, एप्रिलमधलं ऊन आणि जुलैतली ओल बघायची असेल तर तिच्यासमोरून वर्षभर जावं लागतं. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा याच परिसरात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले, पण टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. कॅमेरा विकत घेण्याआधी ती एकदा बघून या, असं मी नवख्यांना सांगते. दूर कुठं जायची गरज नाही, हे तिथं पटतं.

सकाळी डबा, मुलं, ऑफिस. यात फोटो कधी काढायचे?

पंधरा मिनिटं आधी निघा. वाटेत दोनच ठिकाणी थांबायचं, तिसऱ्या ठिकाणी कितीही मोह झाला तरी नाही. तिसरी जागा उद्या सकाळी तिथंच असते.

सायकल कुठली घ्यावी?

जी घरात आहे ती. माळ्यावर गंजत पडलेली असेल तर खाली काढा, ट्यूब-टायर बदला, चेनला तेल द्या, ब्रेकचे रबर नवे घाला. स्टँड मात्र हवाच, कारण फोटोसाठी दिवसातून दहा वेळा सायकल उभी करावी लागते आणि बऱ्याच महागड्या सायकलींना स्टँडच नसतो. मडगार्डही हवेत, नाहीतर पावसात मागच्या चाकाचा चिखल थेट कॅमेऱ्याच्या पिशवीवर उडतो. गिअर असले तर चढाला बरं पडतं. शहरात त्यांच्यावाचून अडत नाही.

मोबाईल पुरेल का?

पुरेल. पहिलं वर्षभर मी मोबाईलवरच काढले. फक्त तो हँडलला स्टँड लावून अडकवू नका. हल्लीच्या बऱ्याच मोबाईलमध्ये लेन्स हलू नये म्हणून आत बारीक यंत्रणा असते. खड्ड्यांचे धक्के रोज बसत राहिले तर ती बिघडू शकते. खिशात ठेवा, थांबा, मग काढा.

पुढं कॅमेरा घ्यावासा वाटला तर सेकंडहँड, लहान आणि हलका बघा. मोठी झूम लेन्स लावलेला जड कॅमेरा लोक आठवडाभर हौसेनं नेतात आणि मग घरी ठेवून जायला लागतात.

कॅमेरा सायकलवर न्यायचा कसा?

कॅरिअरवर बांधून कधीच नाही. कॅरिअरला मागच्या चाकाचे सगळे हादरे बसतात, त्यानं लेन्सचे स्क्रूसुद्धा सैल होतात. पाठीवर पिशवी असली की ते धक्के आपलं अंग झेलतं. गळ्यात लोंबकळणारा कॅमेराही नको, चढावर उभं राहून पायडल मारताना तो हँडलवर आपटतो.

मी एका खांद्यावरून तिरका पट्टा घेते आणि कॅमेरा पाठीमागं ठेवून कमरेला दुसरा छोटा पट्टा बांधते. थांबलं की पुढं ओढायचा. पिशवीत जुना टॉवेल आणि एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी कायम असते. जूनमधली कोल्हापूरची सर विचारून येत नाही.

सुरुवात कुठून करू?

घरापासून दहा मिनिटांच्या आतली एक जागा निवडा. तरी नाव सांगाच म्हणत असाल, तर पंचगंगा घाट. थंडीत उजाडताना नदीवर धुकं असतं, मागं जुन्या शिवाजी पुलाच्या कमानी आणि पुढं पाण्यातली लहान देवळं. पोहायला येणारी मंडळी त्या धुक्यातून डोकं वर काढतात. धुक्यात कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, थोडं वाढवा.

संध्याकाळी मोकळ्या असाल तर रंकाळा. चौपाटीवरून सूर्य पाण्यापलीकडं मावळतो आणि गर्दी सूर्य टेकल्याबरोबर भेळेच्या गाड्यांकडं वळते. तुम्ही वळू नका. पुढची वीस मिनिटं आभाळ आणि पाणी एका रंगाचं होत जातं, गाड्यांवरचे दिवे लागतात, आणि पाण्यातल्या दगडी संध्यामठाची आकृती तेवढी काळी उरते. माझे रंकाळ्याचे जपून ठेवलेले सगळे फोटो त्या वीस मिनिटांतले आहेत.

पहाटे नक्की किती वाजता निघायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी आपल्या गावाचं घड्याळ समजावते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं सूर्य घड्याळापेक्षा सुमारे तेहतीस मिनिटं मागं असतो. म्हणून जानेवारीत इथं सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि जूनमध्ये सहाच्या आसपास. थंडीत साडेसहाला निघालात तरी चालतं. ज्याला पहाटे उठवत नाही त्याच्यासाठी हिवाळा हा सगळ्यांत सोपा ऋतू आहे. मुंबई-पुण्याच्या वेळा बघून निघू नका असं नाही, फरक थोडाच आहे, पण नागपूरकर मित्राच्या वेळा बघून निघालात तर अंधारात उभं राहाल.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो काढता येतात का?

आत नाही. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही आणि चालू नये, असंच माझं मत आहे. तिथं हात जोडायचे.

पण किरणोत्सवातून फोटो काढणाऱ्यानं एक गोष्ट शिकावी. त्या दिवसांत मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यातल्या देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. तो वर्षातून दोनदा होतो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. नोव्हेंबरचे ते दिवस त्याच्या साधारण सहा आठवडे आधी येतात आणि फेब्रुवारीचे तितकेच नंतर. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांनी हे ओळखून महाद्वारातून येणारा किरण धरला.

तुमच्या गल्लीलाही हेच लागू आहे. एखाद्या संध्याकाळी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ऊन पडलेलं दिसलं आणि कॅमेरा जवळ नव्हता, तर तारीख लिहून ठेवा. २२ डिसेंबरपासून (उन्हाळा असेल तर २१ जूनपासून) दिवस मोजा. तेवढेच दिवस पलीकडं मोजले की तेच ऊन पुन्हा भेटेल. माझ्या डायरीत अशा अकरा तारखा आहेत. यातला एक उन्हाचा पट्टा बिंदू चौकाजवळच्या एका जिन्यावर पडतो, तोही जेमतेम आठ मिनिटं.

गुऱ्हाळावर फोटो काढायला जायचंय. काय काळजी घ्यावी?

जरूर जा. दिवाळीनंतर वडणगे, निगवे या बाजूला सायकल काढली की वाऱ्याबरोबर वास येतो, पत्ता विचारावा लागत नाही.

पोचल्यावर आधी कॅमेरा बाहेर काढू नका. बसा, रस घ्या, गुळव्याशी बोला. तो काहिलीतल्या पाकाकडं बघून ठरवतो की आता उतरवायचं, आणि त्या क्षणी तुम्ही त्याच्या वाटेत उभ्या असाल तर अंगावर उकळता पाक येऊ शकतो. कुठं उभं राहायचं ते त्यालाच विचारा. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याच्या मागंही उभं राहू नका.

आता उजेडाचं. गुऱ्हाळात अंधार असतो आणि वाफ भरलेली असते. ऊन तुमच्या पाठीशी असेल तर वाफ नुसती पांढरी भिंत दिसते. तुम्ही फिरून अशा जागी या की ऊन वाफेच्या पलीकडून येईल. मग तीच वाफ उजळते आणि काहिलीभोवतीची माणसं त्यात कोरल्यासारखी उभी राहतात. सकाळी साडेआठ-नऊची तिरपी उन्हं यासाठी उत्तम.

थंडीत सायकल मारत गेलेला कॅमेरा गार झालेला असतो. आत शिरताक्षणी लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, साखरेची वाफ लेन्सवर चिकट पसरते. पिशवीतच दहा मिनिटं राहू द्या, तोवर रस संपतो. आणि तिथं असताना लेन्स बदलायची नाही.

पुढच्या वेळी जाताना दोन फोटो छापून न्या. मी पहिल्या वर्षी नेले होते. तेव्हापासून तिथल्या भिंतीवर गणपतीच्या कॅलेंडरशेजारी ते लावलेले आहेत.

ऊसाच्या ट्रॅक्टरांच्या सीझनमध्ये सायकल चालवणं सुरक्षित आहे का?

दिवसा काळजी घेतली तर आहे. अंधारात त्या रस्त्यांवर मी जात नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला येते, त्यामुळं वळणावर त्याच्या शेजारी कधीही राहू नका. मागं चिकटूनही नको, मोळी सुटून पडते. रस्त्यावर पडलेलं ओलं पाचट चाकाखाली आलं की सायकल घसरतेच. तिसऱ्या वर्षी मी अशीच पडले, मनगट दुखावलं आणि सहा आठवडे कॅमेरा उचलता आला नाही. तेव्हापासून पाचट दिसलं की उतरून चालते. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा, दोन्ही लागतातच.

पन्हाळ्याला सायकलनं जाऊन फोटो काढता येतील?

अंतर सुमारे वीस किलोमीटर. शिवाजी पूल, आंबेवाडी, केर्ली, मग वाघबीळ आणि तिथून गडाचा चढ. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याला दोन महिन्यांनी जमतं. पण रत्नागिरी रस्त्यावर मोठ्या गाड्या खूप असतात, म्हणून पहाटेच वाघबीळ गाठायचं.

चढावर दमलं की माणूस फोटो काढत नाही, नुसता वर पोचायचं बघतो. म्हणून मी पन्हाळ्याला दोन वेगळ्या फेऱ्या समजते. चढताना चढायचं. वर गेल्यावर तीन दरवाजाजवळ सायकल लावून, पाणी पिऊन, श्वास खाली बसल्यावर कॅमेरा काढायचा. धाप लागलेल्या हातांनी काढलेला फोटो हलतो. सज्जाकोठीच्या खिडकीतून पावसाळ्यानंतर दरीतलं हिरवं दिसतं. त्याहून मला आवडतात अंबरखान्याच्या आतल्या सावल्या, तिथं ऊन छतातल्या झरोक्यांतून खाली येतं.

पावसाळ्यात काय करायचं?

पावसाळ्यातच तर करायचं! माझा सगळ्यांत जुना फोटो-संच राजाराम बंधाऱ्याचा आहे. सहा वर्षं, महिन्यातून एकदा, एकाच दगडावरून, एकाच उंचीवरून. मे महिन्यात बंधारा पूर्ण उघडा असतो आणि माणसं त्यावरून निवांत जातात. पाऊस लागला की पाणी चढत जातं आणि एका सकाळी बंधाराच दिसेनासा होतो. तिथं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर हे आकडे तोंडपाठ म्हणत असतं. माझे फोटो शेजारी-शेजारी लावले की ते आकडे डोळ्यांना दिसतात.

पाणी चढलेलं असताना पोलिसांनी दोर लावला असेल तर दोराच्या अलीकडून काढा. त्या महिन्यात माझा दगड पाण्याखाली असतो, मग मी वरच्या रस्त्यावरून घेते आणि तारखेपुढं तसं लिहिते. आणि महापुरात ज्यांची घरं पाण्यात आहेत त्यांच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायचं नाही. २०१९ साली मी कॅमेरा घरी ठेवून निवारा केंद्रात भाकरी पोचवत होते. तेव्हाचे फोटो माझ्याकडं नाहीत. मला ते नको आहेत.

लेन्सला बुरशी लागते म्हणे?

लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात, चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास. माझी एक चांगली लेन्स अशीच गेली. दुरुस्तीला दिली ती काचेवर ओरखडे घेऊन परत आली.

आता साधा हवाबंद डबा वापरते, आत सिलिका जेलचे खडे. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी ओल पिऊन घेतली असं समजायचं, मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. मात्र स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारंगी खडे मिळाले तर तेच घ्या. शिवाय कॅमेरा रोज वापरा. उजेड आणि हवा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. रोज सायकलवर नेण्याचा हाही एक फायदा.

चालत्या सायकलवरून फोटो काढला तर?

नको. दोन हात हँडलला हवेत.

गतीचा फोटो हवा असेल तर तुम्ही थांबा आणि दुसऱ्या सायकलवाल्याला जाऊ द्या. शटर १/३० सेकंद ठेवायचं, पाय रोवायचे, कंबरेतून वळत त्याच्या वेगानं कॅमेरा फिरवायचा आणि फिरवतानाच बटण दाबायचं. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. माणूस स्पष्ट येतो, मागची दुकानं रेषा होऊन वाहतात. वीसांतला एक जमेल. सरावाला दसरा चौक चांगला, पण फूटपाथवर उभं राहून.

अनोळखी माणसांचे फोटो काढावेत का?

विचारून. कोल्हापुरात विचारलं तर शंभरातले नव्वद लोक हो म्हणतात, वर चहा पाजतात. न विचारता काढला तर तेच नव्वद जण, बरोबरच, चिडतात.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या असतात आणि धारोष्ण दूध ग्लासात मिळतं. तिथं आधी ग्लास घ्या, मग मालकाला म्हणा, “मामा, एक फोटो काढू का?” म्हैस काळी, दूध पांढरं, त्यामुळं कॅमेरा गोंधळून सगळं उजळ करतो आणि दुधाचा फेस पांढरा डाग होऊन बसतो. एक्सपोजर एक पायरी खाली आणा, म्हशीच्या पाठीवरची चमकही येईल.

तालमीत वस्तादांची परवानगी लागते. चपला बाहेर. लाल मातीच्या हौद्यात पाऊल टाकायचं नाही, ती माती पैलवानांच्या लेखी देवाच्या ठिकाणी आहे. मी एका तालमीच्या दारात उभी राहून विचारलं तेव्हा वस्ताद म्हणाले, “ताई, पोरांचा जोर होऊ दे, मग या.” दीड तास बाहेर बसले. नंतर त्यांनी स्वतः खिडकी उघडून दिली, फोटोला उजेड यावा म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी नको म्हणाले. तिथं परत विचारलं नाही.

घाटावर धुणं धुणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. पाठमोरेही नाहीत.

बाईमाणसानं एकटीनं पहाटे जावं का?

मी जाते. रंकाळ्यावर आणि घाटावर त्या वेळी फिरायला येणारी माणसं भरपूर असतात. गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर पहिल्यांदा जाताना भावाला घेऊन गेले होते, ओळख झाल्यावर एकटी जायला लागले. कुठं चाललेय आणि कधी परत येणार, हे घरी सांगूनच निघते. एखादी जागा नकोशी वाटली तर कारण शोधत बसत नाही, सायकल वळवते.

सायकल चोरीला गेली तर?

साखळी चाकातून नको, फ्रेममधून घ्या आणि खांबाला अडकवा. सर्वांत उत्तम म्हणजे जवळच्या चहावाल्याच्या नजरेसमोर लावा.

त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव?

पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात. सायकल लांबच लावा, घाटाकडं पाय ठेवायला जागा नसते, ट्रायपॉड तर विसराच. पूर्ण अंधारात काढलेल्या फोटोत नुसते पिवळे ठिपके येतात. पूर्वेला आभाळ निळं होईपर्यंत थांबा. पणत्या, पाणी आणि पूल हे तिन्ही एकत्र दिसतात ते त्याच दहा-पंधरा मिनिटांत.

एवढ्या फोटोंचं पुढं काय करायचं?

महिन्याच्या शेवटी बसून निवडा. शंभरातले पाच ठेवा. दोन ठिकाणी साठवा, एक प्रत घराबाहेर, पूर येणाऱ्या गावात हे विसरून चालत नाही. ज्यांचे फोटो काढले त्यांना छापील प्रत द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो पुढच्या मेसेजखाली जातो, छापलेला घरात लागतो.

कोल्हापुरात आता नवीन काढण्यासारखं काय उरलंय? सगळ्या जागांचे फोटो तर मोबाईलवर दिसतातच.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतःच्या हातानं चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, त्याची ती आठवण. ऑफिसला जाताना थोडा वळसा घेऊन मी आठवड्यातून एकदा तिथून जाते. कधी त्याच्या पायाशी भाजीची पाटी असते, कधी शाळेची रिक्षा थांबलेली. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा तिथं आडोशाला उभे होते, छत्री मिटलेली, आणि नातवाला बोट दाखवून तो कॅमेरा समजावत होते. मी पाय टेकवला, विचारलं, ते हो म्हणाले. सहा फोटो काढले. पाचव्यात नातू वर बघतोय.